घोसाळशेतच्या किडलेल्या दाढांबाबत

प्रति,
मा. संचालक,
प्रादेशिक कृषी विस्तार वार्ता व साधन केंद्र,
मुख्य कार्यालय (घाटावरचे).

विषय : मौजे घोसाळशेत, ता. मंडणगड, जि. रत्नागिरी येथील दाढा किडल्याच्या बातमीबाबत न्याय, दुरुस्ती आणि शक्य झाल्यास सूड मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पाक्षिक ‘विस्तार वार्ता’, जुलै १९८४ चा पहिला अंक. २) त्याच पाक्षिकाचा त्यानंतरचा अंक. ३) कृषी सहाय्यक श्री. धाकू पाष्टे यांना आपण बजावलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

बातमी हा राज्यकारभाराचा प्राणवायू आहे. बातमी वेळेवर पोचली तर गड राखले जातात, न पोचली तर सिंहासने उलथतात, याला इतिहास साक्ष आहे. आमच्या गावाची बातमी आपल्याकडे अगदी वेळेवर पोचली आणि माझी डावीकडची वरची दाढ गेली. दाढ चांगली होती.

अर्जदार तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला आहे. आलेले अर्ज कोठे ठेवले म्हणजे ते पुन्हा कोणास सापडत नाहीत, हे त्याने आयुष्यभर सांभाळलेले आहे. तरी प्रस्तुत अर्ज त्या जागी ठेवू नये, ही प्रारंभीच विनंती.

१. आपल्या कार्यालयाच्या माहितीसाठी प्रथम नमूद करतो की, आमच्याकडे ज्या तुकड्यात शेण, कवळ (झाडाच्या तोडलेल्या डहाळ्या) आणि पातेरा (वाळका पाला) पसरून उन्हाळ्यात भाजतात आणि पुढे त्याच जागी भाताचे रोप करतात, त्या तुकड्याला दाढ म्हणतात. त्यातल्या रोपालाही दाढच म्हणतात. दाढ भाजतात, दाढ पेरतात, दाढ उपटतात आणि मग खाचरात लावणी करतात. यांपैकी कोणत्याही कामाला तोंड उघडावे लागत नाही. बायका गाणी म्हणतात, तेवढेच.

२. यंदा दाढेवर अळी पडली. सर्वांत आधी पडली ती सोनूबाई रेवाळे हिच्या दाढेवर. तिचा नवरा मुंबईला गोदीत आहे. घरी ती, सासू आणि मुले. त्यांच्या वर्षाच्या तांदळाचे रोप त्या दोन तुकड्यांत होते, एक वरचा आणि एक खालचा. तालुक्याच्या गोदामातले औषध संपले होते. श्री. धाकू पाष्टे हे आमच्या भागाचे कृषी सहाय्यक. हंगामी नेमणूक, स्वभाव गरीब, चपला झिजलेल्या. आपल्या पाक्षिकात ‘क्षेत्रावरची हाक’ असे सदर असते आणि त्याच्या डोक्यावर ‘कर्मचाऱ्यांनो, बातमी द्या, साधने घ्या’ असे छापलेले असते. श्री. पाष्टे यांनी त्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांनी कळवले ते असे :

“मौजे घोसाळशेत येथे सर्वांच्या दाढांना कीड लागली आहे. सोनूबाई रेवाळे यांची दाढ निम्मी खलास. भुकटी आणि पंप तातडीने न मिळाल्यास गावात एकही दाढ शिल्लक राहणार नाही.”

यात एकही शब्द चुकीचा नाही. मी छातीवर हात ठेवून सांगतो, कचेरीत असताना इतका स्वच्छ मजकूर माझ्या टेबलावर कधी आला नाही.

३. हा मजकूर आपले सहसंपादक श्री. देवडीकर यांच्या हाती पडला. ते विद्वान आहेत असे कळते. त्यांनी त्यावर ‘कोकणात दंतरोगाचे थैमान’ असा मथळा दिला. भुकटी म्हणजे मंजन, हे त्यांनी स्वतःच्या बुद्धीने ओळखले. पंप ही मुद्रणातली चूक समजून त्याच्या जागी त्यांनी चूळ भरण्याचे पेले घातले. खाली चौकटीत सर्व जिल्ह्यांच्या विस्तार कर्मचाऱ्यांस सूचना छापली की, शेतकऱ्यांच्या भेटीस गेल्यावर आधी त्यांची तोंडे पाहावीत आणि मगच खताविषयी बोलावे. त्या सूचनेमुळे खेड बाजूच्या एका कृषी पर्यवेक्षकाने एका म्हाताऱ्याला आ करायला सांगितले आणि पुढे काय झाले ते त्या पर्यवेक्षकाच्या रजेच्या अर्जात आहे.

४. साधने आली. याबाबत आपल्या केंद्राची तत्परता मी नाकारत नाही. मंजनाचे डबे आले, पेले आले, बत्तीस दातांचा रंगीत तक्ता आला आणि पाट्याएवढा मोठा प्लास्टरचा जबडा आला. तो उघडतो आणि मिटतो. सध्या तो ग्रामपंचायतीत आहे आणि सरपंच बोलू लागले की कोणीतरी तो उघडमीट करते. श्री. पाष्टे मंजनाचा डबा हातात घेऊन सोनूबाईच्या बांधावर नुसते उभे राहिले. तिने डबा काढून घेतला आणि झाकण उघडले. “काकी, ही दात घासायची हाय गो,” ते म्हणाले. “दाढंसाठीच धाडलीय ना सरकारनं?” ती म्हणाली, “मग मी दाढंवरच मारतंय.” आणि तिने सगळा डबा रोपावर उधळला. मंजन पुदिन्याचे होते. अळ्यांना ते मानवले. शेजारच्या तुकड्यातल्याही तिथे जेवायला आल्या. वरचा तुकडा त्यात संपला.

५. त्यानंतर आपल्या शिफारशीवरून फिरते दंतपथक आले. वहाळात त्यांची गाडी रुतली. गावाने ती लोटून वर काढली, म्हणजे आमच्या दाढा उपटायला आलेली गाडी आम्हीच लोटली, याची नोंद घ्यावी. डॉक्टर तरुण आणि सभ्य होते. दोष त्यांचा नाही, त्यांच्या हातात आपले पाक्षिक होते. त्यांनी पहिले नाव पुकारले ते सोनूबाईचे. पुढील संभाषण मी स्वतः ऐकले असून ते शपथेवर देण्यास तयार आहे.

“कुठली दाढ, बाई? वरची की खालची?”

“खालची. वरची कालच संपली.”

“फार त्रास आहे का?”

“नसंल तर काय? वरीसभर पोरांना काय घालू?”

डॉक्टरांनी चिमटा घेतला आणि तोंड उघडायला सांगितले. “अवो डाक्टर, तोंडात काय बगताव?” ती म्हणाली, “दाढ परसाखाली हाय. पाच मिंटं चला, दाखवतंय.” डॉक्टरांनी कागदावर ‘रुग्ण गोंधळलेली’ असे लिहिले. त्यावर ती म्हणाली, “तात्या, तुमी कचेरीतले, तुमीच सांगा ह्यास्नी.” तात्या म्हणजे प्रस्तुत अर्जदार. मी गाडीत चढलो, खुर्चीखेरीज बसायला जागा नव्हती म्हणून खुर्चीत बसलो आणि सविस्तर खुलासा करण्यासाठी तोंड उघडले. डॉक्टरांनी ती संमती समजली. माझे वाक्य ‘त्याचे असे आहे’ एवढ्यावरच राहिले आहे. ते या अर्जाद्वारे पूर्ण करीत आहे.

६. दंतपथकाने अहवाल दिला की गावकऱ्यांच्या दाढा निरोगी आढळल्या. या एका वाक्यातून आपल्या कार्यालयाने दोन निष्कर्ष काढले. पहिला, पुढच्या अंकातला मथळा : ‘वार्तेचे यश : घोसाळशेतच्या दाढा वाचल्या’. याबद्दल श्री. देवडीकर यांचा शाल आणि ढाल देऊन सत्कार झाला. छायाचित्रात ते हसत आहेत, दात दिसतात. दुसरा निष्कर्ष म्हणजे श्री. पाष्टे यांना नोटीस : खोटी बातमी देऊन शासकीय वाहन, मंजन व मनुष्यबळ वाया घालवल्याबद्दल आपणास सेवेतून का कमी करू नये? सुनावणी गणपतीनंतर आहे. तेव्हापासून ते गावात ‘दाढ’ हा शब्द उच्चारत नाहीत. ‘रोपाची ती जागा’ असे म्हणतात आणि म्हणताना मागे वळून बघतात. सोनूबाईला वरच्या वाडीने उरलेले रोप दिले, त्यात तिचे निम्मे खाचर लागले. उरलेल्या निम्म्यात लव्हाळा आहे. तिकडे बघत ती परवा मला म्हणाली, “तात्या, त्या पाष्ट्याच्या पोराला घालवतील तर पुढच्या साली हाक कुनाला मारू?” महोदय, म्हणून कागद घेतला.

७. सबब मागणी अशी. श्री. देवडीकर यांची बदली पुढील हंगामासाठी मौजे घोसाळशेत येथे करण्यात यावी. ती शिक्षा म्हणून नको, बढती म्हणून करावी, म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही. वैशाखात त्यांनी झाडावर चढून कवळ तोडावी. झाडावर लाल मुंग्या असतात, त्यांचीही बातमी त्यांना तिथेच मिळेल. कवळीचे भारे डोकीवरून उतरवावेत, दाढ भाजावी आणि तिचा धूर त्यांच्या विद्वान डोळ्यांत जावा. पुढे चिखलात वाकून दाढ उपटावी आणि संध्याकाळी कंबर धरून ‘दाढ’ या विषयावर एक लेख लिहावा, तो धाकू पाष्टे यांनी तपासावा आणि चुकला तर पुन्हा लिहायला लावावा. त्यांच्या निवासाची सोय ग्रामपंचायतीत, जबड्याच्या समोर, केली आहे. दात घासण्यास मंजन भरपूर शिल्लक आहे. सोनूबाई हिने त्यांच्या भाकरीची जबाबदारी आनंदाने घेतली आहे. तिचा आनंद पाहून मलाच थोडी काळजी वाटली.

८. ही मागणी मान्य होण्यास विलंब लागेल, हे कचेरीच्या अनुभवावरून जाणून अर्जदाराने दरम्यान काही कार्यवाही स्वतःच सुरू केली आहे. ‘क्षेत्रावरची हाक’ सदरासाठी मी पुढील बातम्या पाठवून दिल्या आहेत. गावातले हळवे पोटरीत आले. तुळसा घवाळी हिच्या परसातली केळ व्याली. शिवा खापरे याने भरलेल्या डोळ्यांपैकी निम्मे डोळे गेले. तिन्ही बातम्या अक्षरशः खऱ्या आहेत. हळवे भात आता कणीस धरायच्या बेतात आहे, केळीला घड लागला आहे आणि बोरीच्या रोपांवर बांधलेले कलमाचे डोळे पावसाने कुजले आहेत. श्री. देवडीकर यांनी त्या तपासून संबंधित खात्यांकडे पाठवल्याचे दिसते. कारण सोमवारी तुळसाच्या दारात सुईणबाई आल्या. त्यांनी बाळंतीण विचारली. तुळसाने त्यांना परसात नेऊन केळ दाखवली. बाई समजूतदार होत्या, घडाला हात लावून ‘सुखरूप आहे’ म्हणाल्या आणि चहा घेऊन गेल्या. पोटरीसाठी मालिशचे तेल आणि शिवासाठी चष्मे यांची आम्ही वाट पाहत आहोत. शिवाने गाडी उभी करायला घराबाजूची जागा झाडून ठेवली आहे. प्रत्येक गाडी आली की आम्ही ती वहाळातून प्रेमाने लोटू, प्रत्येक खात्याकडून ‘असे काही आढळले नाही’ असा अहवाल घेऊ आणि ते सर्व अहवाल सुनावणीच्या दिवशी श्री. देवडीकर यांच्यापुढे मांडू. नंतर त्यांनाही एक कारणे दाखवा नोटीस मिळावी. तिचा मसुदा मी करून ठेवला आहे. अक्षर चांगले आले आहे.

हे सर्व टाळायचे असल्यास मार्ग सोपा आहे. श्री. पाष्टे यांची नोटीस मागे घ्यावी, त्यांना हंगामीचे कायम करावे आणि दाढ म्हणजे काय हे आपल्या पाक्षिकात, ढालीच्या छायाचित्राएवढ्याच मोठ्या चौकटीत छापावे. न झाल्यास घोसाळशेतकडे अजून पुष्कळ शब्द आहेत, आणि अर्जदाराकडे पुष्कळ वेळ आहे.

शेवटी एक किरकोळ बाब. कालपासून माझी उजवीकडची खालची दाढ ठणकत आहे. गाल सुजला आहे, हा अर्ज मी तो हाताने धरून लिहीत आहे. श्री. पाष्टे यांना मी विनवले, पण ते ही बातमी कळवायला धजत नाहीत. तरी ते दंतपथक पुन्हा एकदा पाठवता आले तर मोठे उपकार होतील. मात्र या खेपेला दाढ म्हणजे दाढच समजावी, आणि कृपा करून औषधाचा पंप पाठवू नये.

उरलेल्या दातांनिशी आपला नम्र,

(सही)
भागोजी केरू गोरिवले
निवृत्त अव्वल कारकून
मु. पो. घोसाळशेत, ता. मंडणगड
दिनांक २२ ऑगस्ट १९८४

सोबत :
१) ‘विस्तार वार्ता’चे दोन अंक.
२) मंजनाचा एक डबा, अळ्यांनी अर्धवट खाल्लेला.
३) अर्जदाराची उपटलेली निरोगी दाढ, आगपेटीत. दाढ दप्तरी ठेवून घेतली तरी चालेल, आगपेटी परत पाठवावी.