जोडीदाराची गाठ

ती. ताईस नमस्कार,

मी मजेत आहे. उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसतो, पण हे आईला सांगू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

नवा जोडीदार जरा जास्तच गोड बोलतो. अशी माणसं केसाने गळा कापतात, तूच म्हणायचीस ना? उतरण्याआधी तो रोज माझ्या दोराची गाठ ओढून बघतो. मी भडकलो, "माझ्यावर विश्वास नाही का?"

तो हसला. "तूही माझी बघत जा की."

काल बघितली, तर सैल! मुकाट्याने आवळून दिली. दुपारी त्याने अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला.

मला पारखायला त्याने ती मुद्दाम सैल ठेवली होती का, कोण जाणे. उद्या मीही माझी सैल ठेवून बघणार आहे.

गच्चीवर उभा असतानाच गं, घाबरू नकोस.

तुझा शंकेखोर धाकटा