सासऱ्यांच्या भिंतीवरची जागा

२ नोव्हेंबर, रविवार
निश्चय झाला. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी केटल नॉब स्टेट पार्कचा डोंगर पळत चढायचा. वर वणव्याच्या टेहळणीचा मनोरा आहे, त्याला हात लावून परत. बारा मैल.

त्याच दिवशी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. माझ्या बायकोच्या, लोर्नाच्या, माहेरचे झाडून सगळे पुरुष अंधारातच डोंगरात जातात. मी इतकी वर्षं सासूबाईंबरोबर बटाटे सोलत बसतो, कारण मला रक्त बघवत नाही. (हा वैद्यकीय प्रश्न आहे. भित्रेपणाचा संबंध नाही.)

पार्कला लागून सासऱ्यांचं शिकारीचं खोपट आहे. त्यात एक भिंत. तिच्यावर घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाचा डोंगरातला फोटो. माझा मेव्हणा रस्टी, त्याचा फोटो. रस्टीच्या कुत्र्याचासुद्धा. माझा नाही.

यंदा लागेल. मनोऱ्यावर, हात वर केलेला. जागा बघून ठेवली आहे: कुत्र्याच्या वर.

त्याच भिंतीवर, दाराजवळ, आणखी एक ओळ आहे. नेम चुकला की त्या माणसाच्या शर्टाची शेपटी, म्हणजे मागचा लोंबता भाग, कापून, नावानिशी खिळ्याने ठोकतात. रस्टीच्या चार आहेत. त्या ओळीशी आपला संबंध येणं शक्य नाही. मी बंदूकच धरत नाही.

४ नोव्हेंबर
लोर्नाला बेत सांगितला. ती म्हणाली, "पळणार? कोण मागे लागलंय?" थोर माणसांना घरातून पाठिंबा मिळत नाही, हे वाचून होतो.

७ नोव्हेंबर
सराव सुरू. विश्रांती हा सरावाचाच महत्त्वाचा भाग आहे, असं मासिकात आलंय. आज तो भाग पूर्ण केला. माझं गाद्यांचं दुकान असल्यामुळे या बाबतीत मी इतरांच्या पुढे आहे.

११ नोव्हेंबर
शर्ट घेतला. खास डोंगरात पळण्याचा. तपकिरी, मागे खाली पांढरा पट्टा, चांगला लांब. सडपातळ दिसतो. दुकानातली मुलगी म्हणालीच तसं, मी विचारल्यावर.

लोर्नाने मला गोल फिरवून पाहिलं. "अंग तपकिरी, शेपूट पांढरं. शिंगं कधी आणतोयस, वेंडेल?" मग तिने बापाचं जुनं नारंगी जाकीट काढलं. शिकारीच्या मोसमात, शिकाऱ्याला माणूस ओळखू यावा म्हणून, नारंगी घातल्याशिवाय डोंगरात पाऊल टाकू नये, एवढी अक्कल इथे पाळण्यातल्या पोरालाही असते, म्हणाली. जाकीट मला गुडघ्यापर्यंत येतं. भोपळा दिसतो.

१६ नोव्हेंबर
गल्लीच्या टोकापर्यंत पळालो. शेजारच्या मिसेस यॉडरनी गाडी थांबवून विचारलं, दवाखान्यात सोडू का. माझी पळण्याची शैली त्यांना नवीन असावी.

उद्यापासून रोज तीन मैल.

१७ नोव्हेंबर
पाऊस.

१८ नोव्हेंबर
पाऊस नव्हता, पण वाटत होता.

२२ नोव्हेंबर
गाडीच्या मागे गोल स्टिकर चिकटवला: 'केटल नॉब, १२ मैल'. पळून आल्यावर चिकटवायचा रिवाज आहे, पण त्या दिवशी मी दमलेला असेन. मिसेस यॉडरनी अभिनंदन केलं. बाईचा आनंद मोडणं जिवावर आलं.

अस्वलं दूर ठेवणारी घंटाही घेतली. कमरेला बांधायची. मी घाबरत नाही. अस्वलांनी घाबरू नये म्हणून.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
सासरी जेवण. टर्की संपल्यावर उभा राहून जाहीर केलं. रस्टी म्हणाला, "दाजी, तो पंपकिन पायचा तिसरा तुकडा इथेच संपवताय की मनोऱ्यावर नेताय?" सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, "मग माझे बटाटे कोण सोलणार?" त्यांचं दुःख मी समजू शकतो.

सासरे वर्षाकाठी दोन-चार वाक्यं बोलतात. त्यातली दोन आज माझ्या वाट्याला आली. "ओढ्याकडे येऊ नकोस. मोठ्या शिंगांचं एक हरीण आहे, तीन वर्षं त्याच्यासाठी झाडावर दबा धरून बसतोय."

२९ नोव्हेंबर, शनिवार, पहाटे
आज! जाकीट, घंटा, केळी. हवा कडक थंड. पाय वाघासारखे. भिंती, मी येतोय!

त्याच दिवशी, दुपार
घटना जशी घडली तशी लिहितो, कारण रस्टी वेगळी सांगत फिरतोय.

सुरुवात उत्तम. चढ लागल्यावर तंत्र म्हणून चालू लागलो. मग तंत्र म्हणून बसलो. फाट्यावर सोपी दिसणारी वाट धरली. ती खाली ओढ्याकडे जाते, हे पाटीवर लिहायला हवं होतं. (लिहिलं होतं, असं रस्टी म्हणतो.)

झुडपात काहीतरी मोठं हललं. अस्वल!

मग मात्र मी पळालो. काय पळालो! घंटा देवळातल्यासारखी वाजत होती, मी ओरडत होतो, जाकीट पाठीमागे फडफडत होतं. डावीकडून ते जनावर माझ्याइतक्याच वेगाने उलट दिशेला पळालं. त्याला शिंगं होती. मोठी.

वरून, झाडातून आवाज आला. "वेंडेल."

एवढंच. पण त्या एका शब्दात तीन वर्षं होती.

पाय आखडले, म्हणून रस्टीच्या ट्रकमधून खाली आलो. मागच्या बाजूला. कुत्र्याशेजारी.

३० नोव्हेंबर, रविवार
भिंतीवर लागलो.

काल संध्याकाळी खोपटात सासऱ्यांनी सुरी काढली. मी डोळे मिटले. त्यांनी नव्या शर्टाची पांढरी शेपटी कापली, दाराजवळ ठोकली आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: 'वेंडेल. पावणेदोन मैल. हरीण सुखरूप.' रस्टीने टाळी वाजवली. म्हणाला, "दाजी, बंदुकीशिवाय नेम चुकलेला घराण्यातला पहिला माणूस!" पहिला. हे मी नाही, तो म्हणाला.

लोर्ना म्हणते, ती बेअब्रूची ओळ आहे. भिंत तीच आहे.

सासूबाईंनी काल बटाटे सोललेच नव्हते. माझ्यासाठी ठेवले होते. सोलले.

मग बटाटे सोलायची तीच सुरी घेऊन गाडीचा स्टिकर खरवडायला गेलो. चिवट निघाला. बऱ्याच खटपटीनंतर फक्त 'दोन'चा आकडा निघाला. आता 'केटल नॉब, १ मैल' असं दिसतं.

खरं तर पावणेदोन. पण मिरवणं माझ्या स्वभावात नाही. राहू दे.