कडुनिंबाखालच्या दोन खुर्च्या

हुलसूर

प्रिय नागराज,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते. तुरीची रास झाली, म्हैस व्याली, माझा गुडघा आहे तसाच आहे. तिकडे कोळारला कंपनीत तुझी पाळी बदलली का?

आता मार्थाचं. तिला माझ्याकडे सोडून जाताना तू बजावलंस, "अव्वा, हिच्यावर नजर ठेव. घरातलं भाईर सांगायलीय." मला तेवढं पुरलं. मी तर दूधवाल्यावरही विश्वास ठेवत नाही. एवढ्या उन्हात सून मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालते, तेही मला खटकलं होतं. म्हटलं, पाणी मुरतंय कुठंतरी.

महिन्यातून एकदा बिदरहून मार्थाच्या चर्चचे फादर येतात. शेजारच्या सुमनबाईच्या अंगणात त्यांची प्रार्थना होते. त्याआधी कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मांडतात. एकीवर फादर, दुसरीवर एकेक जण बसून कुजबुजतो, बाकीचे लांब उभे. मीही जाऊन उभी राहिले, पण ऐकू काही येईना. मार्था बसली ती उठेचना. उठली तेव्हा डोळे लाल. सासू चहात दूध कमी घालते, असं माझंच गाऱ्हाणं तिनं घातलं असणार!

सुमनबाईला आडून विचारलं, ही कसली चहाडीची रीत? ती हसली. "लोक कन्फेशन म्हणतेत, अक्का. खरं नाव समेटाचा संस्कार." झालं, माझा संशय दुप्पट. समेट भांडणानंतर करतात. माझ्याशी तर हिचं भांडण नाही. मग कुणाशी?

संध्याकाळी ती भाकरी थापत होती, तेव्हा सरळच विचारलं, माझं काय काय सांगितलंस? म्हणाली, "आत्या, तिथं दुसऱ्याचं सांगायचं न्हाई. आपलंच पाप सांगायचं." मग तुझं एवढं पाप तरी कोणतं गं? तिनं पिठाचा गोळा पुन्हा मळायला घेतला. "मला ह्यांना माफ करणं जमंना." कशाबद्दल, म्हटल्यावर तिनं पिठाच्याच हातानं बाही वर सारली.

नागराज, तो पट्टा मी तुला हुमनाबादच्या बाजारातून आणला होता. त्याच्या बक्कलाची खूण मला ओळखू येते. तव्यावरची भाकर करपली, तरी मला उठवेना.

नजर कुणावर ठेवायला हवी होती, ते आता कळलं. तू एवढं मारूनही त्या खुर्चीवर ती स्वतःलाच दोष देऊन आली. मला तुझी लाज वाटते. रविवारी तिला न्यायला येणार होतास, येऊ नकोस. ती इथंच राहील. तिनं ये म्हटलं तरच यायचं, आणि पट्टा न बांधता. मी अंगणात दोन खुर्च्या मांडीन. एकीवर ती बसेल. दुसरीवर बसून तू काय केलंस, ते तुझ्या तोंडानं तिला सांगायचं. मी लांब उभी राहणार नाही.

तुझीच, आणि आता तिचीही,
अव्वा