जुन्या इंटरफेसचं घड्याळ

७ नोव्हेंबर
बँकेतली बदली म्हटली की लोक तोंड वाकडं करतात. मी मात्र आज शहाद्यात खुशीतच उतरलो. चुनीलाल पाटलांच्या माडीवरची खोली मिळाली. जिना बाहेरून, खिडकीखाली केळीची बाग. चुनीलालभाऊंनी केळ्यांची फणी हातात ठेवली आणि त्यांची थोरली बहीण अनुसयाबाई अहिराणी लग्नगीतं म्हणते, असं अभिमानानं सांगितलं. त्या शेजारीच राहतात, मुलगा हिलालसोबत. घरच्या कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड करणं हा माझा जुना नाद. आणखी काय हवं?

१० नोव्हेंबर
अनुसयाबाई तयार झाल्या. त्या, दोन जोडीदारणी आणि ढोलकी, म्हणजे माइक चार. माझ्या ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या पेटीला, दोनच लागतात. नाशिकच्या धर्मेंद्रनं स्टुडिओ बंद करताना त्याचा जुना इंटरफेस मला दिला होता, तोही जोडला. दोन्ही मिळून एकच यंत्र आहे, हे कॉम्प्युटरला पटवण्यात सकाळ गेली. अडचण एवढीच की प्रत्येक इंटरफेसच्या आत स्वतःचं घड्याळ असतं, आणि दोन घड्याळं तंतोतंत चालत नाहीत. लांबलचक गाण्यात आवाज एकमेकांपासून किंचित सरकतात. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवायची, मग टाळ्या जुळवायच्या.
बाई हळदीचं गाणं सुरेख गायल्या. स्वतःचा आवाज ऐकून मला विचारलं, "हाई कोन म्हतारी शे रे भाऊ?" आणि खूप हसल्या.

११ नोव्हेंबर
टाळ्या जुळेनात. जुन्या इंटरफेसवर शेवटची टाळी बरीच आधी पडली आहे. दोन घड्याळांत इतका फरक पडत नाही. शिवाय टाळीनंतर त्याच्या ट्रॅकवर माझा फोन वाजतो आणि मी 'हॅलो, आई' म्हणतो. काल फोन आलाच नव्हता.
हेडफोन काढले, तर फोन वाजला. आईच होती.

१३ नोव्हेंबर
जुन्या इंटरफेसचे माइक काढून, रिकाम्या खोलीत रेकॉर्डिंग लावलं. तरी ट्रॅक भरला. जिन्यावर चपला. अनुसयाबाईंची मला हाक. मग पाय घसरल्याचा आणि पायऱ्यांवरून गडगडत जाण्याचा आवाज. खालून हिलाल, "माय वं!"
तसाच खाली, शेजारी त्यांच्या अंगणात धावलो. बाईंना म्हणालो, जिना चढू नका, गाणी बंद. हिलालनं बाजूला घेऊन कारण विचारलं, तेव्हा त्याला खरं ते सांगून टाकलं. हिलालचा चेहरा बदलला. दंड धरून त्यानं मला अंगणाबाहेर काढलं.

१४ नोव्हेंबर
बाई गेल्या, माझ्याच जिन्यावरून पडून. गाणी का बंद केली, कोणी मला काही बोललं का, हे विचारायला त्या जिना चढल्या. मी गाणी बंद करायला सांगितलं नसतं तर —
हिलाल सगळ्यांदेखत म्हणाला, "तुले पहिलेच मालूम व्हतं. मन्ही मायले तूच मारं."
कोणीही त्याला अडवलं नाही.

१५ नोव्हेंबर
नळाचं पाणी तोडलं. खिडकीवर दगड. चुनीलालभाऊंनी माझ्याकडे न बघता खोली सोडायला सांगितलं. एस.टी. स्टँडवर गेलो, तर हिलालची माणसं तिथे उभी. परत आलो. पोलिसांत जाऊन काय सांगू? मला आधी ऐकू आलं होतं म्हणून —

१६ नोव्हेंबर
इंटरफेस पुन्हा लावला. हिलालची माणसं कधी येणार ते तरी कळेल.
ट्रॅकवर माझं दार फुटतं. मग माझा आवाज. पुढे ऐकवलं नाही.
ट्रॅक पुसला. परत उघडला तर तसाच —

१७ नोव्हेंबर
आज जुन्या इंटरफेसवर काही नाही. ट्रॅक सपाट. बागेतली पाखरं नाहीत, माझा श्वास नाही. पुढचं काहीच —
माझ्या नव्या इंटरफेसचा, आवाज आला की लागणारा दिवा लुकलुकतोय. तो तर फक्त आत्ताचं ऐकतो.
जिन्यावर पावलं. बरीच. कडी लावली होती ना मी —
हिलालचा आवाज. दार उघाड म्हणतोय. मी त्याला सांग