आपण का म्हणून हलायचं?

३ मार्च
सकाळी नॅडीनचा फोन. माझी धाकटी बहीण. नवरा गेला तेव्हासुद्धा फोनवर रडली नव्हती, आज रडली. रॉय गिलिस पॅरोलवर सुटला. सुटून आला कुठे? आईच्या घरी. आईचं घर कुठे? नॅडीनच्या घराला लागून. मध्ये फक्त लाकडी कुंपण!
टेसा, माझी भाची, अकरा वर्षांची असताना या माणसाने तिच्याशी काय केलं ते मी इथे लिहिणार नाही. कोर्टात सिद्ध झालं, तो आत गेला, विषय संपला असं आम्ही धरून चाललो होतो. आता टेसा वीस वर्षांची आहे आणि तो तिच्या खिडकीखाली उभा राहून सिगारेट ओढतो.
सुटलेल्या कैद्यांवर नजर ठेवणाऱ्या पॅरोल अधिकाऱ्याला फोन केला. क्विन नाव. म्हणाला, कायद्यात शाळा आहे, पाळणाघर आहे, सार्वजनिक बाग आहे. यांच्याजवळ राहायचं नाही. मी म्हटलं, आणि ज्या पोरीचं वाटोळं केलं तिच्याजवळ? तो म्हणाला, त्याबद्दल कायद्यात काही नाही, मिस्टर टॅकेट. काही नाही! म्हणजे झोपाळ्याला संरक्षण, पोरीला नाही.
ठरलं. हे प्रकरण मी हातात घेतोय. महिन्याभरात गिलिस गावाबाहेर.
नॅडीनने विचारलं, टेसाला थोडे दिवस तुझ्या मागच्या खोलीत ठेवशील का, दादा? मी स्पष्ट सांगितलं, आपण का म्हणून हलायचं? हलेल तो! (मागच्या खोलीत माझं बिलियर्डचं टेबल आहे. पण ते कारण नाही.)

५ मार्च
गिलिसच्या दारासमोर जाऊन उभा राहिलो. योजना अशी की काही बोलायचं नाही, नुसतं रोखून बघायचं. अशा बघण्याने माणूस आतून खचतो.
तो कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आला. म्हणाला, गुड मॉर्निंग, ऑरव्हिल.
मीही गुड मॉर्निंग म्हटलं. सवयीने. पण आवाजात जरब होती.
घरी येऊन पॅट्सीला सांगितलं. बायको म्हणून तिने पाठीशी उभं राहायला हवं. ती म्हणाली, पुढच्या वेळी त्याचा डबाही उचलून ठेव.

११ मार्च
हॉटेलात सभा. गावातले खरे पुरुष तेवढे बोलावले. त्यातला ड्वेन म्हणाला, घर पेटवून देऊ. शेजारच्या टेबलावर पोलीसप्रमुख अंडी खात होता, तो म्हणाला, ड्वेन, मला ऐकू येतंय. त्यानंतर चर्चा मासेमारीवर गेली. तरी वातावरण तापलेलं होतं.
ठराव: टी-शर्ट छापायचे. पुढे मोठ्या लाल अक्षरांत ‘टेसा वॉर्डला न्याय द्या’. खर्च माझ्या गॅरेजचा. माझी कल्पना.

१६ मार्च
टी-शर्ट वाटले. शाळेच्या फुटबॉल मैदानावर, चर्चबाहेर, पेट्रोल पंपावर. लोकांनी आनंदाने घेतले. मोठ्या मापाचे लगेच संपले.
नॅडीन गॅरेजात आली ती ओरडतच. पोरीचं नाव कोर्टानेसुद्धा बाहेर येऊ दिलं नव्हतं, पेपरवाल्यांनी छापलं नव्हतं, आणि तू ते ड्वेनच्या पोटावर छापलंस? मी म्हटलं, अगं, गावाला माहीतच होतं. ती म्हणाली, माहीत असणं वेगळं आणि किराणा दुकानात दूध घेताना समोरच्या माणसाच्या छातीवर स्वतःचं नाव वाचणं वेगळं.
बायका भावनिक होतात. लढा म्हटला की चेहरा लागतो. माझा चेहरा द्यायला मी तयार होतो, पण माझ्यावर अन्याय झालेला नाही.
उरलेले टी-शर्ट गॅरेजात पुसायला घेतले. कापड चांगलं आहे.

२६ मार्च
अफलातून कल्पना सुचली! कायद्याला बाग कळते ना? मग बाग देतो. गिलिसच्या घराच्या दुसऱ्या बाजूला लागून माझा जमिनीचा रिकामा तुकडा आहे, जुने ट्रक पडलेले. ट्रक हलवले, घसरगुंडी आणि दोन झोपाळे बसवले, पाटी लावली: बाग. आता गिलिसला राहता येणार नाही. वकिलांना सुचलं नाही ते गॅरेजवाल्याला सुचलं.
गिलिस कुंपणावरून म्हणाला, घसरगुंडी डावीकडे कलली आहे.
कलली होतीच. पण त्याने सांगायची गरज नव्हती. मी इतका भडकलो की पाना फेकला. तो माझ्याच विंडशील्डवर बसला.

२९ मार्च
नगरपालिकेने कळवलं, खाजगी जागेवर झोपाळा टांगला म्हणून ती सार्वजनिक बाग होत नाही. उलट पाटी काढा म्हणाले. नोकरशाही!
पॅट्सीने विचारलं, समजा बाग झाली असती. गिलिसच्या शेजारच्या बागेत मुलं कोण पाठवणार होतं?
यावर विचार करायचा आहे.

४ एप्रिल
टेसा गॅरेजात आली. एकटीच. टायरच्या ढिगावर बसली. म्हणाली, मामा, तो खोकतो ते मला अंथरुणात ऐकू येतं. तो गवत कापायला लागला की मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसते, मशीन बंद होईपर्यंत. दुकानातल्या कामावर जायला निघाले की आधी आई बाहेर जाऊन बघून येते. मी काय गुन्हा केलाय?
माझं रक्त उसळलं. म्हटलं, पोरी, मी त्याला सोडणार नाही.
ती म्हणाली, त्याचं राहू दे. मला मागची खोली देशील? उन्हाळ्यापर्यंत.
मी तिला समजावलं. आमदार मिसेस हॉलोवे कायद्यात बदल आणतायत, या महिन्यात राजधानीत समितीपुढे सुनावणी आहे. पीडिता आज, या क्षणी, त्याच्या शेजारी राहते यावरच सगळी केस उभी आहे. तू हललीस तर मुद्दाच गेला. थोडी कळ काढ.
ती बरं म्हणाली आणि गेली. धीराची पोर. माझ्यावर गेली आहे.

१९ एप्रिल
राजधानी. सूट घातला. बटण लागत नाही, पण उभं राहिल्यावर कळत नाही. दोन आठवडे भाषण लिहीत होतो. सुरुवात माझ्या आजोबांपासून, ते या गावात कसे आले इथून. आजोबा गावात पोचायच्या आतच अध्यक्षांनी हातोडा आपटला. वेळ संपली म्हणे. एका नागरिकाचा आवाज असा दाबतात!
मग टेसाचं नाव पुकारलं. मला माहीतच नव्हतं. तिने स्वतःच मिसेस हॉलोवेंना फोन केला होता. हातात कागद नाही. ती म्हणाली, “तुमच्या कायद्याला शाळेची भिंत दिसते, बागेचं फाटक दिसतं. मी दिसत नाही. त्याला शिक्षा झाली, ती भोगून तो घरी आला. माझी त्याच दिवशी सुरू झाली. मला घरात खिडकी उघडायची आहे. एवढंच.”
एक म्हातारा आमदार चष्मा काढून पुसत बसला. सगळ्यांनी हात वर केले, एकमताने.
परतीच्या गाडीत मी म्हटलं, मी आधी वातावरण तयार केलं त्याचा फायदा झाला. नॅडीनने रेडिओ लावला.

२३ मे
कायदा झाला!! पॅरोलवरच्या अशा गुन्हेगाराने पीडितेच्या घराजवळ राहायचं नाही. आधीपासून राहत असेल तरी उठायचं. अंमल एक नोव्हेंबरपासून. कागद हलायला वेळ लागतो.
अंगणात मांस भाजलं, बिअर, सगळं गाव. ड्वेनने माझ्या नावाने ग्लास उंचावला. टेसा आली नाही. दमली असेल.

१७ जून
टेसा गेली. बॅग घेऊन, सकाळच्या बसने. दुसऱ्या राज्यात, एका मैत्रिणीकडे. तिथेच काम बघणार, तिथेच राहणार.
मी नॅडीनवर संतापलो. विजय उंबरठ्यावर आलेला, चार महिने फक्त! नॅडीन म्हणाली, चार महिने तू बाथरूममध्ये बसून बघ.
माझ्याशी बोलायची ही पद्धत नाही. तरी मी मोठेपणाने गप्प राहिलो.

१ नोव्हेंबर
अखेर आजचा दिवस. पहाटेच आंघोळ करून क्विनच्या ऑफिसात हजर. विचारलं, गिलिसला कधी उठवताय? मला बघायला यायचंय.
क्विनने फाइल चाळली. म्हणाला, कायदा पीडितेच्या घरापासून अंतर मोजतो. पीडिता कुठे राहते?
मी म्हटलं, इथे राहत होती.
तो म्हणाला, आता?
मी म्हटलं, आता नाही, पण तिची आई राहते.
तो म्हणाला, आई पीडिता नाही, मिस्टर टॅकेट.
मी टेबलावर मूठ आपटली. त्याची कॉफी सांडली, माझ्याच पँटवर. म्हणजे तो राहणार? क्विन म्हणाला, राहील. मग फाइल मिटून म्हणाला, वसंतात तिची राहायची सोय गावातच कुठे दूर झाली असती, तर बहुतेक ती गाव सोडून गेली नसती. असं बऱ्याचदा होतं.
या माणसाला लोकांचा काही अनुभव नाही.

२ नोव्हेंबर
नॅडीनकडे गेलो. म्हटलं, उपाय आहे. टेसा अजून इथेच राहते असं लिहून दे, बाकी मी बघतो. ती म्हणाली, खोटं लिहून तिला परत त्या खिडकीत उभी करू?
बरं. मग म्हटलं, निदान तिचा पत्ता दे. पॅट्सी आज ॲपल पाय भाजतेय, तो पाठवतो, चार ओळी लिहितो. कायद्याचं श्रेय मी तिच्याशी वाटून घ्यायला तयार आहे असं कळवतो.
नॅडीन ओट्याशी उभी होती. वळली नाही. म्हणाली, दादा, तिने जाताना एकच गोष्ट बजावली आहे. पत्ता रॉयला कळू द्यायचा नाही, आणि मामाला सांगायचा नाही.
मी म्हटलं, बरोबर आहे. सुरक्षेच्या दृष्टीने हेच योग्य. मीही हेच सुचवलं असतं.
घरी येऊन पॅट्सीला सांगितलं. म्हटलं, पण दोघांची नावं एकाच वाक्यात घ्यायची काय गरज होती? दोन वाक्यं करता आली असती.
पॅट्सीने ओव्हन उघडला. ॲपल पाय भाजून झाला होता. आम्ही दोघांनीच खाल्ला.