उघड्या चोचीचा चुकाओ

९ जानेवारी, सोमवार

शिंग चुकलं. खरवडून काढलं, पुन्हा रंगवलं.

कामाउएतोचं – आमच्याकडच्या दंतकथेतल्या वासराचं – एकुलतं एक शिंग कपाळाच्या मधोमध हवं. मी ते डाव्या भुवईकडे सरकवून ठेवलं होतं – दोन बोटं! बायको, नोल्फा, डबा घेऊन आली होती, ती शिडीखाली उभी राहून हसली. म्हणाली, जमिनीतून उगवतं, दरी फोडत समुद्राकडे पळत सुटतं, अशा वासराला थांबवून मोजपट्टी कोणी लावलीय? तुमची चूक काढणार कोण? मी म्हटलं, कोणी पाहिलेलं नाही म्हणूनच तर चुकायचं नाही. पाहिलेल्या गोष्टीतली चूक बघणारा मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. न पाहिलेल्याला माझ्याशिवाय कोण आहे?

वाक्य बरं जमलं. इथे टिपून ठेवतो.

१२ जानेवारी, गुरुवार

दिवसभर रानात, पोटावर पडून. एका नेच्यासाठी. त्याची पानं टोकाशी आत वळतात की बाहेर, हे मला आठवेना, आणि आठवत नसताना काढायचं हे माझ्याच्यानं होत नाही. आत वळतात.

जुन्या आलेर्से झाडाच्या बुंध्यापाशी चुकाओ पक्षी आला. माझ्या बुटापर्यंत आला! छाती गंजलाल, पोटावर काळेपांढरे आडवे पट्टे, शेपटी छपरावरच्या कोंबड्यासारखी ताठ. ओरडताना गळा असा फुगतो की पिसं विस्कटून मधली राखाडी कातडी दिसते. हे मी कुठल्याही पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं नाही. लगेच वहीत उतरवलं. आवाज उजवीकडून आला. शुभ. खूश होऊन घरी.

१७ जानेवारी, मंगळवार

संपलं! मच्छिमार संघाच्या कोठाराची अख्खी भिंत – लांबी अकरा पावलं. आजवर दाल्काउएच्या बाजारात हातभर फळ्यांवर रंगवलेले कोल्हे विकत आलो. भिंत मला कोणी दिली नव्हती. आलेर्सेच्या करड्या फळ्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक. त्यांच्यावर होड्यांचे उरलेले रंग.

मधोमध कामाउएतो, जुनं रान फोडून समुद्राच्या दिशेनं धावणारा. पायांत पुदू हरणं पांगलेली, फांदीखाली कोल्हा. आणि खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चुकाओ. त्याची छाती म्हणजे होडीच्या बुडाला लावतात तो लाल, त्यात चिमूटभर पिवळा. तंतोतंत.

बाजारात एका शहरी बाईनं विचारलं होतं, शिकलात कुठे? मी म्हटलं, कुठेच नाही, मी बघतो. त्या बाईला ही भिंत दाखवली पाहिजे.

सही अजून नाही. जाणकारानं पसंत केल्याशिवाय सही करायची नाही, हा माझा नियम. जाणकार कोण, ते ठरायचंय.

१९ जानेवारी, गुरुवार

एरिबेर्तोचं – नोल्फाच्या भावाचं – इंजिन भर समुद्रात बंद पडलं. अर्धा दिवस वाहत होता. शिंपल्यांच्या शेतीवरच्या लाँचनं ओढून आणला. सुखरूप आहे. नोल्फाचा चेहरा मात्र दिवसभर पांढरा.

संध्याकाळी तो इथे चुलीशी बसून नळीनं मातेचा कडू चहा पीत होता. मग म्हणाला, “दाजी, तुमचा पक्षी डावीकडे आहे.”

२० जानेवारी, शुक्रवार

खरं आहे. किनाऱ्याकडे उतरताना कोठार डाव्या हाताला येतं. डाव्या बाजूचा चुकाओ म्हणजे माघारी फिर, घरी बस. हे इथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मलाही! मला रानाची दिशा दिसत होती, उजेडाची दिशा दिसत होती. माणसं कुठून कुठे चालतात, ते बघायचं राहिलं.

किनाऱ्यावर जायला दुसरी वाट नाही. आज सकाळी चारजण भिंतीपासून उलट्या पावलांनी उतरले – पक्षी उजवीकडे यावा म्हणून. संघाचे अध्यक्ष उलीसेस टोपलीसकट चिखलात बसले. मी हसलो नाही. (हसलो, पण पाठ करून.)

२२ जानेवारी, रविवार

संघाची सभा. मी म्हटलं, रंगवलेला पक्षी ओरडत नसतो. उलीसेस म्हणाले, “मायेस्त्रो, त्याची चोच उघडी आहे.”

आहेच उघडी.

“मग ओरडतोच आहे. आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. ते जास्तच वाईट.”

त्यांचं म्हणणं, चोच तेवढी मिटवा. किती लागणार, ब्रशचे दोन फटकारे. मी सांगून पाहिलं की शेपटी ताठ, गळा फुगलेला आणि चोच बंद, असा चुकाओ जगाच्या पाठीवर नाही. मागून कोणीतरी म्हणालं, एकशिंगी वासरू आहे वाटतं? सगळे हसले. एरिबेर्तो हसला नाही. त्या दिवसापासून तो समुद्रावर गेलेला नाही.

ठराव झाला. पाच फेब्रुवारीपर्यंत पक्ष्याचं काहीतरी करा. नाहीतर सोमवारी संघ अख्ख्या भिंतीला पांढरा रंग लावणार.

अख्ख्या भिंतीला!

२४ जानेवारी, मंगळवार

खडूनं चोच मिटवून पाहिली. गालगुंड झालेली कोंबडी. पुसली.

२५ जानेवारी, बुधवार

क्लोरिंदा आत्याकडे गेलो. वय शहाऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून. माझी बाजू, संघाची बाजू, सगळं ऐकून घेतलं. बटाटे सोलत होती, सुरी थांबली नाही.

“पक्षी हलत नाही?” तिनं विचारलं.

“नाही हलवणार.”

“मग कोठार हलव.”

यात नवल काही नाही. आमच्याकडे घरं हलतात. माझ्या आईचं माहेर दोनदा टेकडी उतरलंय. ओंडक्यांवर चढवायचं, बैल जुंपायचे, गावानं ओढायचं. वाटेच्या पलीकडे, उजव्या हाताला, बांबूच्या जाळीपर्यंत मोकळी जागा आहे. अंतर तीस पावलं.

पण मिंगाची, म्हणजे अशा गावकीच्या कामाची, एक रीत आहे. ज्याला गरज, त्यानं स्वतः घरोघर जाऊन विनवायचं. निरोप चालत नाही. आत्या म्हणाली, “तुझ्या वडलांनी कधी कोणाला विनवलं नाही. म्हणून त्यांचं घर होतं तिथेच कुजलं.”

२७ जानेवारी, शुक्रवार

एकोणीस दारं. प्रत्येक दारात टोपी हातात घ्यायची आणि म्हणायचं, माझ्यावर उपकार करा, पुढच्या शनिवारी हात लावायला या. चोपन्न वर्षांत मी शेजाऱ्याची शिडीसुद्धा मागितलेली नाही. पहिल्या दारात टोपी छातीशी अशी धरली की त्या बाईला वाटलं, कोणी गेलं. पाणी आणून दिलं.

उलीसेसनी मला पुरी विनवणी म्हणायला लावली, शब्दन् शब्द. मग म्हणाले, बैल पहाटेच आणू का?

शेवटचं दार एरिबेर्तोचं. तो म्हणाला, दाजी, घरच्या माणसाला कसली विनवणी. मी म्हटलं, रीत म्हणजे रीत. आणि टोपी काढली.

१ फेब्रुवारी, बुधवार

नोल्फा मिल्काओच्या भाकऱ्यांसाठी दोन दिवस बटाटे किसतेय. माझ्याशी बोलतेय मात्र फार गोड. मला ही टोपी उतरलेली आवडते, म्हणाली.

४ फेब्रुवारी, शनिवार

चार बैलजोड्या, साठ-सत्तर माणसं. कोठार आतून रिकामं, खाली लुमाच्या लाकडाचे लांब ओंडके. उलीसेसनी आरोळी दिली, दोर ताणले, फळ्या अशा करकरल्या की माझ्या दाढा दुखल्या. मी भिंतीवर हात ठेवून बाजूनं चालत राहिलो, तापातल्या माणसाशेजारी चालावं तसा. दोन फळ्या पडल्या. दोन्ही चित्रातल्या आभाळाच्या.

पलीकडे पोचलो. आणि घोटाळा कळला. रंगवलेली भिंत होती तशीच राहिली होती – तिचं तोंड आता रानाकडे, वाटेकडे पाठ. उलीसेस म्हणाले, यात काय, कोपऱ्याला दोर बांधतो, अर्धा फेरा देतो, चित्र वाटेवर. बैल वळवलेसुद्धा.

तेव्हा मला दिसलं. आत्ता कामाउएतो समुद्राकडे धावतोय. फेरा दिला की तोही फिरणार – आणि चढावर, गावावर, सरळ घरांवर येणार. कामाउएतो समुद्राकडेच जातो. दुसरीकडे जातच नाही.

मी थांबा म्हणालो.

उलीसेसनी वर पाहिलं, खाली पाहिलं, त्यांनाही कळलं. “पण मायेस्त्रो, असं ठेवलं तर बघणार कोण?”

दोर धरून सगळे उभे. आत्या स्टुलावर, मातेची नळी तोंडात, माझ्याकडे बघत.

मी म्हटलं, असू दे असंच.

मग जेवणं. मिल्काओ, शिंपले, सफरचंदाची दारू, अकॉर्डियन. यजमान मी. सगळ्यांना वाढलं.

७ फेब्रुवारी, मंगळवार

दोन प्रवासी आले, रंगवलेली भिंत कुठेय म्हणून. दाखवली. मधे बांबूची जाळी, भिंत आणि जाळी यांत जेमतेम एक माणूस आडवा मावेल. त्यांनी आत डोकावून पाहिलं. मग उलीसेसच्या बैलांचे फोटो काढले.

होड्या जातात. एरिबेर्तोची जात नाही. तो म्हणतो, आता तर पक्षी दिसतही नाही, कुणीकडे ओरडतोय काय माहीत. इंजिन दुरुस्त होऊन पडलंय. रोज सकाळी वाटेपर्यंत येतो, उभा राहतो, परत जातो. नोल्फा रोज खिडकीतून बघते. मला काही म्हणत नाही. म्हणाली असती तर बरं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी एरिबेर्तो दारात. दंडाला धरून घेऊन गेला.

भिंतीमागे, जाळीच्या तोंडाशी, खरा चुकाओ. माझ्या चुकाओसमोर. शेपटी ताठ, गळा फुगलेला, मधली राखाडी कातडी दिसत होती. ओरडायचा, झेपावून टोचायचा, पुन्हा ओरडायचा. माझ्याच्या छातीवरचे दोन टवके उडालेत. ते मी भरणार नाही.

“उजवीकडून आहे, दाजी,” एरिबेर्तो म्हणाला. वल्ही खांद्यावर घेतली आणि सरळ पावलांनी खाली उतरला.

जाणकार मिळाला. सही केली. जमिनीपासून वीतभर उंचीवर. तिथून त्याला वाचता येईल.