चोरखिसा

बा, तुह्याच मशीनवर बसून लिहून राह्यलो. अमडापूरचा बाजार आज नाही, त्याच्यामुळं दुकानात गिऱ्हाईक नाही, अन् घरी बोलायले कोणी नाही. तुले जाऊन अकरा वर्षं झाली. तुही नात बारावीत गेली, पण ती दोन महिन्यांपासून मायसंग देऊळगाव राजाले मामाकडं राहते. तिच्या प्रॅक्टिकलच्या सकाळी मी तिचा कॉलेजचा ड्रेस इस्त्री करत होतो. सकाळीच दारू घेतलेली होती. इस्त्री कापडावर तशीच ठेवली अन् टेबलावर डोकं टेकलं. जळका वास आला तशी पोरगी धावत आली. शिंप्याची पोरगी मैत्रिणीचा ड्रेस मागून परीक्षेले गेली, बा. दुसऱ्या दिवशी मायलेकी यष्टीत बसल्या.

त्यानंतर बी पंधरा दिवस प्यालो, खोटं काऊन बोलू. मंग एक जण पँट आखूड करायले टाकून गेला. मशीनखाली कापड घालायच्या आंधी खिसे उलटे करायचे, नाहीतर सुई मोडते, हे तूच शिकवलं. त्या खिशात एक चिठ्ठी निघाली. दारू सोडायची असेल तर रविवारी दुपारी या, असं लिहिलेलं, अन् खाली चिखलीतल्या एका शाळेमागच्या खोलीचा पत्ता. चिठ्ठी होती तशी परत ठेवली. पत्ता मात्र डोक्यातून जाईना. रविवारी गेलो, अन् खोलीसमोरून तीन चकरा मारल्या. वाटे, आत गेलो तर गावभर होईन, अन् वापस फिरलो तर स्टँडाजवळचं दारूचं दुकान उघडंच हाये. दोन्हीकडून कोंडल्यासारखं झालं होतं. शेवटी आत घुसलो, तर समोर तोच पँटवाला! एक पाय बोटभर आखूड. माह्याच प्यालेल्या हाताची करामत. त्यानं पँटीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् खुर्ची सरकवून म्हणे, "बस बे टेलर. हा पाय पाहूनच मले वाटलं होतं, तू येशीन."

तिथल्या गटात एक रिटायर मास्तर हायेत. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथं शपथ कोणी घ्यायची नाही. आज प्यायची नाही, एवढंच बोलायचं." शपथ हा शब्द ऐकला अन् मी हात मांडीखाली दाबून धरला. माही पाळी आली तवा जळालेल्या ड्रेसचं सांगतलं. तुहं नाही सांगतलं.

तुले आठवते ना अखजीचा, अक्षय तृतीयेचा तो दिवस? दुपारची वेळ, तुह्या गळ्यात टेप. तू कात्री खाली ठेवली, माहा हात धरला अन् टेपच्या वर, आपल्या गळ्यावर ठेवला. "घे शपथ. मोडली तर मी मेलो समज." मी घेतली. बोटाखाली तुही नस उडत होती. मंग पोळ्याच्या आदल्या दिवशी तू कापड कापता कापता खाली बसला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणे हार्ट. लोक बी म्हणे हार्ट. पण खरं काय ते मलेच ठाऊक होतं. अकरा वर्षं पिऊन राह्यलो ते त्याच्याच पायी, असं स्वतःले सांगत आलो.

आता ऐक. परवा पोरगी एकटीच दुकानात आली. चाळीसेक दिवस झाले, थेंब नाही, हे तिच्या कानावर गेलं होतं. तिनं माहा हात धरला अन् सरळ आपल्या गळ्यावर ठेवला. "पप्पा, माह्या गळ्याची शपथ घ्या. मी आजच बॅग घेऊन येते, मम्मीले बी आणते." गरम इस्त्रीले लागावा तसा मी हात ओढून घेतला. "म्हणजे प्यायचीच हाये तुमाले," एवढंच बोलली अन् स्टँडावर गेली. मले ओरडून सांगायचं होतं, बाई, याच हातानं एक गळा गेला हाये, तुहा नाही घालवायचा मले! शपथ घेतली तर पोरीच्या जिवाची धास्ती, न घेतली तर पोरगी दुरावली.

अन् बा, जे गटात नाही सांगतलं, पोरीले नाही सांगतलं, ते तुले सांगतो. शपथ मी नंतर मोडली नाही. ती घेतानाच खोटी होती. तू माह्या पँटीले आतून जो चोरखिसा शिवला होता, त्याच्यात तवा दारूचा पव्वा होता. एक हात तुह्या गळ्यावर अन् दुसऱ्या हातानं मी तो खिसा दाबून धरला होता. मले वाटत होतं, तुले समजलं नाही. पण कापड कुठं ओढते हे पाहण्यात तुहा जन्म गेला. शपथ झाल्यावर तू माह्या शर्टाची ती बाजू खाली ओढून सारखी केली, गिऱ्हाईकाची करायचा तशी, अन् कात्री उचलली. तुले माहीत होतं. तरी गळा पुढं केला.

हा कागद कुठं पाठवू? मशीनच्या खणात ठेवतो, बॉबिनखाली. उद्या रविवार हाये. उद्या हे गटात सांगीन, मंग पोरीले सांगीन, असं शेवटी लिहिणार होतो. नाही लिहीत. लिहिलं तर ती बी शपथच होईन. आज प्यालो नाही, बा.